ओढ्याकाठची अकरा झाडं

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. पंधरा वर्षं सर्व्हे करतोय, मसणवट्यात बसून डबा खाल्लाय... त्यामुळे हे लिहिताना लाजच वाटते. पण खरी लाज वेगळ्याच गोष्टीची आहे.

बारामती तालुक्यात कऱ्हाटीजवळच्या एका ओढ्याचा नकाशा करायचा होता. काठानं चालत जायचं, झाडं, पाणवठे, घरटी टॅबवर नोंदवायची. झाडी असेल तो काठ राखायचा, नसेल तिथे खोलीकरणाला मशीन घालायचं — हे सगळं आमच्या नोंदीवर ठरणार. शेवटचा टप्पा राहिला तेव्हा ऊन मी म्हणत होतं. सॅटेलाइटच्या फोटोत तिथे नुसतं करडं दिसत होतं. फोटो करंजाच्या पानगळीतला असू शकतो, हे मला कळत होतं हो! तरी फाट्यावर चहा पीत रकान्यात लिहून टाकलं — 'निरंक'.

वैशाखात फेरतपासणीला गेलो. दुपारी दोनला त्या टप्प्यात उतरलो आणि चाटच पडलो... गर्द करंज, मधे एक उंबर, खाली डोहात पाणी. जिवात जीव आला. अजून चूक दुरुस्त करता येईल! ओळीनं अकरा झाडं नोंदवली, प्रत्येकाचा फोटो काढला.

वर वस्तीवर एक म्हातारे तात्या शेळ्यांना बादलीनं पाणी पाजत होते. म्हटलं, "तात्या, काठ छान राखलाय."

"चेष्टा करता व्हय, सायेब? मशिनीनं समदं उपटून म्हैना झाला."

ते मला घेऊन परत खाली आले. सरळ, उघडाबोडका चर. एक बुंधासुद्धा नाही. टॅब उघडला — अकराही नोंदी जागेवर, आणि अकराही फोटो नुसत्या मातीचे. मी झाडांची नावं वाचत गेलो. तात्या ऐकत होते.

"बराबर हाय. उंबर सातवा. ह्याच वळीनं व्हती." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "सर्वेवाले येनार म्हनून चार दिस त्या उंबराखाली बसून व्हतो मी. झाडं दावायची व्हती. तुमी आलाच न्हाय... मंग ही वळ तुमाला कुनी सांगितली?"

त्याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. का आलो नाही, याचं होतं. ते त्यांच्या तोंडावर देण्याची माझी छाती झाली नाही.