साध्या अक्षरांतला बोर्ड

वसंता राव तंजावरच्या मराठी घरातली. शब्द जुने, हेल तमिळचा. तिचं मराठी ऐकून पुण्याहून आलेला गंधार आधी गोंधळलाच होता. चेन्नईत अड्यारच्या एका छोट्या कंपनीत दोघं सर्किट बोर्डची आखणी करणारं सॉफ्टवेअर लिहीत होते. २००४ साल असेल. आखलेला बोर्ड फाइलमध्ये कोणत्या रूपात साठवायचा, हा निर्णय मालक राजगोपाल यांनी वसंतावर सोपवला होता.

"बायनरीच ठेवू, ताई, फक्त यंत्राला कळणारी," गंधार म्हणाला. "फाइल लहान होते, झटकन उघडते. साध्या अक्षरांत लिहिली तर मोठा बोर्ड उघडेपर्यंत माणूस कॉफी पिऊन येईल."

"येऊ दे की," वसंता हसली. पण त्याचं म्हणणं खरं होतं, हे तिला ठाऊक होतं.

त्या दुपारी वीज गेली. पंखे थांबले. यूपीएसवर तिचा कॉम्प्युटर तेवढा चालू राहिला. खिडकीतून खारा वारा येत होता. तिने साध्या अक्षरांतली चाचणीची फाइल उघडली आणि सावकाश वाचू लागली. तार इथून निघते, तिथे वळते, रुंदी इतकी. इथे भोक. पुन्हा तार. वाचता वाचता चित्राशिवायच बोर्ड तिच्यापुढे पसरला. मामाच्या गावच्या भातशेतांतून पाण्याचे पाट फुटत जावेत तशा तांब्याच्या वाटा फुटत गेल्या, आणि ती त्यांच्या काठाकाठाने अनवाणी चालत राहिली. पायांना गारवा लागत होता.

"ताई, झोपलात की काय?"

पंखे परत फिरत होते.

"नाही रे. बोर्ड वाचत होते."

गंधार वाकून पाहू लागला. बऱ्याच वेळाने त्याने एका ओळीवर बोट ठेवलं. "ही तार कुठेच पोचत नाही!" मग जरा वेळाने म्हणाला, "तरी फाइल सावकाशच उघडणार."

"सावकाशच उघडणार," वसंताने कबूल केलं, आणि साध्या अक्षरांचा निर्णय राजगोपालना कळवून टाकला.

गिऱ्हाइकं कुरकुरली. गंधारने वेग वाढवायला पुष्कळ खटपट केली, थोडा वाढला. चार वर्षांनी कंपनीच बंद पडली. गंधार सिरुसेरीच्या मोठ्या कंपनीत गेला, वसंता कॉलेजात शिकवू लागली.

बऱ्याच वर्षांनी एका सकाळी तिला फोन आला. बंद पडलेल्या कंपनीचं जुनं गिऱ्हाईक, पंपांचे कंट्रोलर बनवणारी धनलक्ष्मी नावाची बाई तमिळमध्ये बोलत होती. "नव्या कॉम्प्युटरवर तुमचं सॉफ्टवेअर चालत नाही. मी फाइल नुसतीच उघडली, सगळं वाचता येतंय. बोर्ड पुन्हा आखतेय. एकच विचारायचं होतं, भोकाची जागा मधून मोजायची की कडेपासून?"

"मधून," वसंता म्हणाली.

"सरि, अम्मा," बरं म्हणून तिने फोन ठेवला.

वसंता तशीच उभी राहिली. कुठल्याशा न पाहिलेल्या खोलीत, अनोळखी हातांखाली, एकेक तार पुन्हा उमटत होती. वर्गाची वेळ झाली होती, तरी तिला हलावंसं वाटेना.