कुर्बानभाईंचा वाटा

आमच्या गल्लीत सात घरं मिळून महिन्यातून एका रविवारी बकरा घेतात, आणि त्या रविवारी सगळ्यात वाईट मटण कुर्बानभाईंच्या घरी शिजतं. याला कारण कसाई नाही. याला कारण स्वतः कुर्बानभाई, कारण वाटे तेच घालतात.

केळीच्या सात पानांवर सात ढीग मांडले जातात. मग कुर्बानभाईंच्या बेगम जहाँआराभाभी ढिगांकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसतात. कुर्बानभाई एका ढिगावर बोट ठेवून विचारतात, "हा कोणाचा?" भाभी न पाहता एक नाव घेतात, आणि ज्याचं नाव निघालं त्याचा तो ढीग. इथवर ब्रह्मदेवालाही खोट काढता यायची नाही. पण मग शेजारचे देवराव आपलं पान उचलतात, नाक मुरडतात आणि म्हणतात, "कुर्बानभाई, माह्यात हाडंच जास्त हायेत ना बापा." की लगेच कुर्बानभाई आपलं पान त्यांच्यापुढे सरकवतात. देवराव पंचायत समितीतून शिपाई म्हणून निवृत्त झाले असले, तरी या बाबतीत त्यांचा अधिकार सभापतीचा आहे.

बावीस वर्षं भिंतीकडे तोंड करून बसल्यामुळे भाभींना एक गोष्ट मात्र न पाहता कळू लागली होती. कुर्बानभाईंचं बोट पहिल्यांदा नेहमी सगळ्यात वाईट ढिगावर पडतं. का, ते कुर्बानभाईंनाही माहीत नसावं. वाईट काम आधी उरकावं असा त्यांचा स्वभाव.

अशा माणसाच्या हातात नियतीनं एका ऑनलाइन गेमची लूट वाटायला दिली.

झालं असं की त्यांची एकुलती एक लेक अफिफा नर्सिंग शिकायला अकोल्याला गेली. अमरावती ते अकोला बसनं दोन-अडीच तास, पण कुर्बानभाईंचं तोंड असं झालं होतं की मुलगी चंद्रावर गेली असावी. फोनवर दोघांचं बोलणं दीड मिनिटात संपायचं. "जेवली का?" "हो." "काय जेवली?" "भाजी." पुढे काय विचारावं हे नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात तागे तपासणाऱ्या माणसाला सुचायचं नाही. शेवटी अफिफाच म्हणाली, "अब्बू, तुमी आमच्या गेममध्ये या ना. खेळता खेळता बोलू."

त्यांची गिल्ड, म्हणजे मोबाइलवर एकत्र खेळणारी टोळी, तिचं नाव 'वऱ्हाडी दणका'. दर रविवारी दुपारी तीन ते पाच वीस-बावीस जण आपापल्या घरून मिळून एक अगडबंब राक्षस मारतात आणि मारता मारता एकमेकांशी बोलत असतात. अफिफा सगळ्यांच्या पुढे उभी राहून राक्षसाचा मार खायची. कुर्बानभाई मागे उभे राहून चुकीच्या दिशेनं बाण मारायचे. पण ते दोन तास त्यांच्या घरात लेकीचा आवाज घुमायचा. "अब्बू, डावीकडे! अब्बू, तो आपला मानूस हाय, त्याले काहून मारून राहिले?" भाभी स्वयंपाकघरातून ऐकत बसायच्या. कुर्बानभाईंचा आठवडा त्या दोन तासांवर टांगलेला असे.

राक्षस मेला की एखादी वस्तू टाकतो. मारणारे बावीस आणि वस्तू एक. ती कोणाला द्यायची यावरून 'वऱ्हाडी दणका' दोनदा फुटली होती. कुर्बानभाई आले आणि त्यांनी कारखान्यातल्यासारखी एक वही घातली. हजर राहिला की एक गुण, उशिरा आला की अर्धा, वस्तू घेतली की दहा गुण वजा. कोणाकडे कोणतं चिलखत आहे, कोणती तलवार पडून आहे, सगळं लाल-निळ्या पेननं. ज्याचे गुण जास्त, त्याची वस्तू. भांडणं बंद झाली, आणि वस्तू द्यायचं बटणही त्यांच्याच हाती आलं. पोरं त्यांना 'भाईजान' म्हणू लागली. अफिफा एकदा सात मिनिटं उशिरा आली तेव्हा बापानं तिचा अर्धा गुण कापला. ती हसली होती. त्या वेळी.

अफिफाला हवी होती सूर्यढाल. पुढे उभी राहणाऱ्याला त्याहून मोठी वस्तू त्या खेळात नाही. पाच महिने ती निघेना. मग एका रविवारी राक्षस कोसळला आणि ढाल पडली. सगळ्यांनी फोनमधून इतकी ओरड केली की देवराव काठी घेऊन बाहेर आले.

कुर्बानभाईंनी वही उघडली आणि त्यांचा चेहरा उतरला. अफिफाचे गुण साडेएकोणीस. हिवरखेडच्या कृषी केंद्रात काम करणारा कुलदीप, तोही साडेएकोणीस.

"भाईजान, विचार काय करून राहिले?" कुलदीप म्हणाला. "ताईले देऊन टाका. मी कधीतरीच पुढं जातो. मले काय करायची?"

"द्या ना भाईजान," बाकीचे ओरडले.

अफिफाचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

जगातला दुसरा कोणताही बाप असता तर बटण दाबून चहा प्यायला बसला असता. कुर्बानभाई म्हणाले, "नाही. उद्या कोणी म्हनंल, बापानं लेकीले देल्ली. वाटे घालू."

त्यांनी भाभींना पाठ करून बसवलं. टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. फोन म्हणजे ढाल, पानदानाचं झाकण म्हणजे पुन्हा वाट पाहा. आणि त्या दिवशी, फोन हाताजवळ होता म्हणून, त्यांचं बोट आधी फोनवर पडलं.

"हे कोणाचं? अफिफा की कुलदीप?"

भाभींना बावीस वर्षांचा अनुभव होता. पहिलं बोट हाडांवरच असणार. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी लेकीसाठी लबाडी केली आणि ठणकावून म्हणाल्या, "कुलदीप!"

मग त्या वळल्या, बोट कुठे आहे ते पाहिलं आणि पदर तोंडाशी नेला.

"भाईजान, मले नको," कुलदीप रडकुंडीला आला. "खरंच नको!"

"नाव निघालं बेटा. आता नाही म्हनू नको." आणि त्यांनी बटण दाबलं. त्या खेळात एकदा दिलेली ढाल परत घेता येत नाही. अल्लामियाँनी नसेल, पण गेम बनवणाऱ्यांनी एवढी कठोर व्यवस्था केलेली आहे.

अफिफा म्हणाली, "ठीक हाय अब्बू." आणि तिच्या नावापुढचा हिरवा दिवा विझला.

पुढच्या रविवारी तो लागला नाही. ड्युटी आहे, म्हणाली. त्याच्या पुढच्या रविवारी परीक्षा. कुलदीप सूर्यढाल घेऊन पुढे उभा राहायचा आणि दर पाच मिनिटांनी माफी मागायचा. असा खजील वीर राक्षसानंही पाहिला नसेल. कुर्बानभाई वहीत लिहायचे, 'अफिफा, गैरहजर.' भाभी म्हणाल्या, "एक दिवस हजर लिवलं तं हात झडतीन काय तुमचे?" कुर्बानभाईंनी गैरहजरच लिहिलं, फक्त अक्षर बारीक काढलं.

फोन पुन्हा दीड मिनिटावर आला. एकदा त्यांनी धीर केला. "ढालीचा राग हाय का बेटा?"

"नाही अब्बू. ढालीचं काय हाय त्यात." मग ती म्हणाली, "सगळे देऊन राहिले होते. तुमीच नाही देल्ली."

"भाऊ, माह्यं चुकलं कुठं?" चहाच्या टपरीवर कुर्बानभाईंनी मला विचारलं. वही आणली होती. मी ती उलटसुलट पाहिली. एकही चूक नव्हती. मी चहा मागवला.

त्या महिन्याच्या बकऱ्याच्या रविवारी आम्ही पाहिलं ते अजून गल्लीत कोणाला खरं वाटत नाही. कुर्बानभाईंच्या नावावर रानेचे, म्हणजे मांडीचे, मऊ तुकडे निघाले. देवरावांनी सवयीनं नाक मुरडलं. "कुर्बानभाई, माह्यात हाडंच..."

"असू द्या," कुर्बानभाई म्हणाले.

देवराव पान हातात घेऊन तसेच उभे राहिले. कोणीतरी त्यांना खुर्ची दिली.

ते मटण भाभींनी शिजवलं, आणि तीन वाजताचा राक्षस तसाच सोडून कुर्बानभाई स्टीलचा डबा मांडीवर घेऊन अकोल्याच्या बसमध्ये बसले. होस्टेलच्या फाटकावर कळलं की अफिफा ड्युटीवर आहे. ड्युटी खरीच होती. वॉर्डात बापाला जाता येत नाही. बाकावर तासभर बसून त्यांनी डबा वॉचमनकडे दिला, वर पिशवीला चिठ्ठी लावली, 'फक्त अफिफासाठी', आणि परतीची बस धरली.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. मी त्यांच्याच घरी बसलो होतो, आणि तिचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"अब्बू, डब्बा भेटला. लई मस्त होतं."

"पोटभर खाल्लं ना?"

"खोलीत आमी सहा जनी. रुसवाफुगवी नको म्हनून एकीले पाठ करून बसवलं न वाटे घातले."

कुर्बानभाईंनी डोळे मिटले. "मंग तुह्या वाट्यात काय आलं?"

"चांगली भरली नळी आली होती. पण खोलीतली खुशी हाय ना, तिचं तोंड उतरलं, तं तिले देल्ली. मले रस्सा होता ना."

भाभींनी कपाळावर हात मारला. कुर्बानभाई फोन कानाला लावून बसून राहिले. दीड मिनिट केव्हाच उलटून गेलं होतं आणि फोन दोघांनीही ठेवला नव्हता.

"जेवली का?" शेवटी त्यांनी विचारलं.