परत न गेलेली वाटी

शेजारून आलेली वाटी रिकामी परत करायची नाही, हे आईने शिकवलं आणि ते माझ्या अंगात पक्कं मुरलं. चिमूटभर साखर घालून वाटी परत करणारेही असतात, पण माझ्या लेखी ती पळवाट. आपल्या शेगडीवर शिजलेलं काहीतरी त्यात हवंच. हट्टी म्हणा हवं तर.

मरोळच्या आमच्या इमारतीत समोरच्या घरात मालवणकडचं एक जोडपं राहायचं. नवरा जवळच्याच कारखान्यात कामाला. तिथे लोखंडी सुट्या भागांना रंग देऊन ते गॅसच्या भट्टीत भाजत आणि परदेशात पाठवत. बायको तिशीची, बडबडी. आमचे हे गेल्यापासून मी एकटी, मुलगा जर्मनीत. संध्याकाळी ती वाटी घेऊन आली की दारातच आमच्या गप्पा रंगायच्या. दिवसभरातलं माझं बोलणं काय ते तेवढंच.

मग तिकडे आखातात लढाई पेटली, गॅसची जहाजं अडकली आणि इथे सिलिंडरसाठी ताटकळणं आलं. दुकानांतून इंडक्शनच्या शेगड्याही गायब झाल्या. नेमकी तेव्हाच तिची काळ्या वाटाण्याच्या उसळीची वाटी माझ्याकडे होती. माझा सिलिंडर संपत आलेला, उरलेला गॅस चहा-भातापुरता राखून ठेवलेला. म्हटलं, नवा आला की ओल्या नारळाच्या वड्या करू, मग देऊ.

सिलिंडर काही येईना. तीही येईना. मला रागच आला. एवढा घरोबा, आणि हिला साधं डोकावता येत नाही? मग मीही दार लावून बसले. घरात माणसाचा आवाज असावा म्हणून टीव्ही चालू ठेवायचा आणि ऐकायचं काहीच नाही, असं चाललं होतं.

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, इथेही गॅस महागलाय गं. घरात स्वेटर घालून बसतोय. कंपनीने बाहेरच्या सगळ्या ऑर्डरी थांबवल्यात." समोरचा नवरा हल्ली भरदुपारी घरी दिसतो, हे मी पाहत होते. पण त्याचा नि जर्मनीतल्या थंडीचा काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यात कसं यावं?

अखेर सिलिंडर आला. वड्या केल्या, तिच्या वाटीत भरल्या आणि राग गिळून समोर गेले. घरभर बांधलेली गाठोडी.

"कारखानो बंद पडलो, काकू," ती म्हणाली. "भट्टीक गॅस नाय, भायरची गिऱ्हाइका पण गप. गावाक जातंव आमी."

"अगं, मग इतके दिवस आली का नाहीस?"

"वाटी परत नाय इली. माका वाटला, तुमका आमचा जेवाण नको झाला." तिचे डोळे भरले. "साखर घालून दिली असती, तरी चालला असता."

वड्या तिच्या हातात दिल्या आणि घरी येऊन रडले.

आता गॅसची चणचण नाही. सिलिंडर मागितला की येतो. पण एकटीला तो इतका पुरतो, की तो आणून देणारा माणूसही क्वचितच माझी बेल वाजवतो.