तीन दगडांवरचा चहा

आई मी बोलायला लागायच्या आधीच गेली. घरात आम्ही तिघं उरलो. आप्पा, आप्पांची थोरली विधवा बहीण म्हणजे माझी आत्या, आणि मी. गाव चुडाव्याजवळ, आगगाडीची शिट्टी ऐकू येईल एवढ्या अंतरावर. जमीन बरड, तिच्यात वर्षाची भाकरी निघत नसे. म्हणून आप्पा ताडकळसच्या आठवडी बाजारात मीठ-मिरची विकायला बसत. दुकान म्हणजे भुईवर अंथरलेलं एक पोतं.

आमच्या घरात चहा आला तो भूक मारायला. बाजाराच्या दिवशी आप्पा अंधार असतानाच निघत. भाकरी असली तर ती माझ्यासाठी ठेवत. स्टेशनवरच्या चहावाल्यानं त्यांना सांगितलं, की एक पेला कोरा चहा घेतला की दुपारपर्यंत पोट ओरडत नाही. ते पत्तीची पुडी घेऊन आले. आत्यानं पुडीचा वास घेतला आणि ती उंबऱ्याबाहेर ठेवून दिली.

"ह्या चुलीवर जे व्हतं ते म्या आधी गळ्यातल्या लिंगाला दाखविते, मग तुमाला वाढते," ती म्हणाली. "हे लाल पाणी त्याला काय म्हणून दाखवू? घरात भाकर न्हाई म्हणून?"

आप्पांनी अंगणात न्हाणीच्या दगडापलीकडं तीन दगड मांडले आणि त्यांच्यावर चहाचं पातेलं चढवलं. तेव्हापासून आमच्या घरात दोन चुली झाल्या. आत आत्याची, बाहेर चहाची. आत्या बाहेरच्या चुलीकडं कधी फिरकली नाही. तिथल्या पेल्याला तिनं हातही लावला नाही. मी तो घासून वेगळा ठेवायचो.

चहा करायला मला आप्पांनीच शिकवलं. साखर आमच्या घरात नव्हतीच. गूळ पाण्यात उकळायचा, मग पत्ती, मग झाकण. दूध मिळालंच तर ते वेगळं ऊन करायचं आणि पातेलं खाली उतरवल्यावर पेल्यात घालायचं. गुळाच्या उकळत्या पाण्यात दूध घातलं की नासतं. पहिल्या खेपेला माझं नासलं, तेव्हा आप्पा म्हणाले, "पनीर झालं बग. आता हे खा का पी, तुजं तूच ठरव." शेजारच्या शेळीचं दूध असलं तर आलं जरा जास्त ठेचायचं, म्हणजे वास दबतो. न्हाणीच्या पाण्यावर गवती चहाचं बेट माजलं होतं. पत्ती संपली की त्याचीच दोन पानं तोडून गाठ मारायची आणि पातेल्यात टाकायची.

आत्याचा काढा मात्र आतल्या चुलीवर होई. तुळस, सुंठ, मिरी. ताप आला की ती स्वतः उकळून द्यायची. मी एकदा म्हणालो, "आत्या, चहाबी औषधच समज की."

"मग रोज आजारी पड," आत्या म्हणाली.

मी परभणीच्या हायस्कुलात, म्हणजे तेव्हाच्या भाषेत फोकानियात, शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा आप्पा तापानं गेले. आत्यानं पोतं उचललं आणि पुढच्या बाजाराला त्यांच्या जागी जाऊन बसली. बाई माणूस बाजारात मीठ विकते म्हणून लोक बोलले. ती पोतं अंथरत राहिली. मला एवढंच म्हणाली, "तुज्या बापाला तू शिकलेला पायजे व्हतास. तू शिक. बाजाराचं म्या बगते."

सुट्टीत घरी आलो की सकाळी मी बाहेर चहा पीत बसायचो आणि ती आत भाकरी थापायची. मधे एक उंबरा. दोघांत बोलायला तिसरं माणूस राहिलं नव्हतं. मी दर वेळी दुसरा पेला भरायचो, उंबऱ्यावर ठेवायचो. तो तिथंच निवायचा. तिनं एकदा तरी तो घ्यावा, माझ्याजवळ बसून प्यावा, एवढीच माझी इच्छा होती. बी.ए. व्हायचं हे आप्पांनी दिलेलं काम होतं. हे माझं होतं.

हैदराबादेत कॉलेजात सगळं शिक्षण उर्दूत. वर्गात माझ्या मराठी वळणाच्या उर्दूवर पोरं हसायची. मी पास होत राहिलो, हे इथं लिहून ठेवतो. राहायला एका गल्लीत खोली घेतली होती. माळवदावर एकच खोली, एक स्टोव्ह, एक चटई. संध्याकाळी खाली हॉटेलात पोरं टोळीनं बसायची, दूध आटवून आटवून केलेला दाट चहा प्यायची. माझं तिथं कुणी नव्हतं. मी वर येऊन स्टोव्ह पेटवायचो. हात सवयीनं दोन पेल्यांचं पाणी घ्यायचा. दुसरा पेलाही मग मीच प्यायचो, गार झाल्यावर.

घरमालकीण म्हातारी, एकटीच राहणारी. एकदा तिनं जिन्यातून पाहिलं, की दुधाशिवाय मी नुसताच बसलोय. ती पुदिना आणि अर्धं लिंबू घेऊन वर आली.

"दूध नक्को, मियाँ. लिंबू निचोडो. घर की याद आरी क्या?"

"नई," मी म्हणालो.

"झूट नक्को बोलो. चाय के सामने कोई झूट नई बोलता."

तो सुलेमानी चहा मला फार आवडला. पण तो पिताना मनात यायचं, आत्या आता काय करत असेल. संध्याकाळी तिलाही बोलायला कुणी नसणार.

अठ्ठेचाळीस साली शेवटची परीक्षा देऊन गावी आलो. निकाल लागायच्या आधीच सगळीकडं लुटालूट, जाळपोळ सुरू झाली. गाड्यांचा भरवसा राहिला नाही. आमच्या गल्लीतली घरं एकेक करून कुलपं लावून हद्दीपलीकडं वऱ्हाडात निघून गेली. आत्याला म्हणालो, आपणही जाऊ. ती म्हणाली, "चूल खांद्यावर घेऊन जाता येत असंल तर सांग." आम्ही राहिलो. बाजार बंद. पत्ती मिळायची बंद. न्हाणीला पाणी कमी पडून गवती चहासुद्धा वाळून गेला होता. सकाळी माझं डोकं ठणकायचं. मी सवयीनं बाहेर जाऊन थंड दगडांपाशी बसायचो. दुसरं करायलाही काही नव्हतं. पास की नापास तेही कळत नव्हतं, आणि सगळी गल्ली मुकी झाली होती.

अशाच एका सकाळी आतून करपल्याचा वास आला. भाकरी जळली असं वाटून उठलो. आत्या तव्यावर जवारी भाजत होती, काळी होईपर्यंत.

"आत्या, काय करायलीस?"

"दिसत न्हाई? च्या करायले."

तिनं ती जवारी पाट्यावर भरडली, सुंठ आणि गूळ घालून आतल्या चुलीवर उकळली. लिंगपूजा आटोपली, पातेलं लिंगाला दाखवलं, आणि दोन वाट्या भरल्या. एक माझ्यापुढं सरकवली.

"जवारी हाय," ती म्हणाली. "पोटाला लागती. हिला दाखवायला मला लाज न्हाई."

चव कडू होती, जळक्या लाकडासारखी. आत्यानं आपली वाटी संपवली आणि म्हणाली, "ह्याच्यासाठी तुज्या बापानं भाईर दगड मांडले व्हते व्हय?"

"त्याची चव येगळी असती, आत्या."

"आसंल."

भादव्यात हैदराबादेत राज्य बदललं. हळूहळू गाड्या धावू लागल्या. एक दिवस स्टेशनवर गेलो. चहावाला परत आला होता, त्याच्याकडून पत्तीची पुडी घेतली. स्टेशनमास्तरांकडं हैदराबादचं वर्तमानपत्र आलं होतं, त्यात निकाल होता. माझा नंबर त्यांनीच बोट ठेवून दाखवला. वाटेत सांगायला कुणी भेटलं नाही. अर्धी घरं अजून बंद होती.

अंगणात आलो आणि तीन दगडांत काटक्या रचू लागलो. आत्या दारात आली.

"आत ये. चूल पेटलेलीच हाय."

"पत्ती आणलीय, आत्या. जवारी न्हाई."

"कळायलंय मला. नाक हाय की."

"लिंगाला दाखवशील?"

तिनं विचारलं, "पास झालास?"

"झालो."

"मग दाखविते," ती म्हणाली. "आता घरात भाकर न्हाई म्हणून उकळलेलं न्हाई ते."

मी आतल्या चुलीवर चहा केला. गूळ आधी, पत्ती नंतर, दूध पातेलं खाली उतरवल्यावर. तिनं भस्म लावलं, पूजा केली, आणि माझ्या हातची वाटी घेतली. एक घोट घेतला आणि म्हणाली, "गूळ कमी हाय." पण वाटी खाली ठेवली नाही.

मी बी.ए. झालो, आमच्या घराण्यातला पहिला. आणि आत्यानं माझ्या हातचा चहा माझ्याजवळ बसून प्याला.