डगडगती फरशी

खटकचिंचोळीच्या भजनी मंडळात श्रीपतरावांचा टाळ हमखास चुकतो. हे मंडळाला ठाऊक आहे, देवालाही असावं. पण गवंडीकामात त्यांचा हात धरणारा आसपास कोणी नाही. त्यांनी बसवलेली फरशी बत्तीस वर्षांत एकदाही हलली नाही, आणि हे ते स्वतःच चारचौघांत सांगतात.

दर एकादशीला भजन आटोपलं की मंडळ थापी-ओळंबे घेऊन निघतं आणि ज्या म्हाताऱ्या-अपंग माणसाला आपलं घर दुरुस्त करणं झेपत नाही, त्याच्या दारात उभं राहतं. कल्पना श्रीपतरावांचीच. एकादशीच का, तर सगळ्यांना उपास असतो. त्या घराला दहा माणसांच्या जेवणाची चिंता नको. इतका बारीक विचार करणाऱ्या माणसाला बेताल टाळ माफ करायला हरकत नाही.

गेल्या एकादशीला राजूबाईंची पाळी होती. सत्तरी ओलांडलेल्या, दहा वर्षांपासून दृष्टी गेलेल्या, एकट्या राहणाऱ्या. मंडळानं अभंग म्हणत म्हणत त्यांची जुनी उखडलेली शहाबादी फरशी काढली आणि श्रीपतरावांनी नवी बसवली, आरशासारखी सपाट. सगळे खुशीत घरी गेले.

चौथ्या दिवशी राजूबाई परसातल्या पायरीवरून पडल्या. मनगट सुजलं. उदगीरचा पुतण्या व्यंकट धावत आला आणि शनिवारी जीप घेऊन येतो, आता माझ्याकडंच राहायचं, असं सांगून गेला. पोरगा वाईट नव्हे, काळजीपोटीच बोलला. पण परक्या घरात आपल्याला कोपऱ्यात बसून दिवस मोजावे लागणार, हे राजूबाईंना कळून चुकलं होतं.

श्रीपतराव भेटायला गेले तेव्हा राजूबाईंनी तक्रार केली नाही. एवढंच म्हणाल्या, “काम सोन्यावानी केलास, अण्णा. पर माजं घर कुटं ठिवलास?”

मग उलगडा झाला. परसदाराच्या अलीकडची एक फरशी तीस वर्षं डगडगत होती. पाय पडला की खट्ट वाजायची, आणि पुढं पायरी आहे हे राजूबाईंना कळायचं. नेमकी तीच श्रीपतरावांनी पहिल्यांदा उपटली होती. काम सुरू करण्याआधी राजूबाईंना विचारावं, हे दहांपैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं. श्रीपतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते तसेच उठले, पहार आणली आणि आपल्या हातची फरशी उखडली. खाली खडा ठेवून नवीच डगडगती करून पाहिली. राजूबाई उभ्या राहिल्या, मान हलवली. “ह्यो आवाज तिचा न्हाई.” तीनदा असंच झालं. शेवटी परसातल्या हौदाजवळ टाकलेली जुनी, कोपरा फुटलेली फरशी त्यांनी शोधून काढली आणि चुन्याचा थेंबही न लावता जागेवर ठेवली. मंडळाचे गिरिधरपंत म्हणाले, बघणारे नावं ठेवतील. श्रीपतराव म्हणाले, “ठिवू द्या.”

शनिवारी जीप दारात लागली. श्रीपतराव ओट्यावर जीव मुठीत धरून बसले होते. राजूबाई तांब्या घेऊन एकट्याच परसात निघाल्या. खट्ट. पाय थबकला, पायरी उतरला. हौदातून तांब्या भरून त्या परत आल्या. पुन्हा खट्ट. थेंबही सांडला नव्हता. श्रीपतरावांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि लपवलंही नाही.

राजूबाईंनी तांब्या पुतण्यापुढं धरला. व्यंकट पाणी प्याला, बराच वेळ त्या फुटक्या फरशीकडं बघत राहिला.

“ऱ्हा मग हितंच, काकी,” तो म्हणाला.