संताचा छळ नव्हे

सुलक्षणा दामल्यांनी ब्रिस्टलच्या एका हॉस्पिटलात डोळ्यांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये एकतीस वर्षं काढली. मिरजेला नर्सिंग शिकून इकडे आलेल्या. ऑपरेशन डॉक्टर करायचे; पेशंटचं डोकं हलू न देता धरायच्या त्या. रिटायर झाल्यावर घरात जीव रमेना, म्हणून जवळच्या छोट्या म्युझियममध्ये दर मंगळवारी व्हॉलंटियर म्हणून जाऊ लागल्या. जुनी छापील चित्रं नव्या फोल्डरमध्ये घालायची, एवढंच काम.

असंच एकदा तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं, साडेतीनशे वर्षांपूर्वीचं चित्र हाती आलं. त्याची डावी बाजू कुणीतरी कापून टाकली होती. खुर्चीत मान मागे टाकलेला म्हातारा, त्याच्या डोळ्यावर वाकलेला तरुण, शेजारी वाटी धरून बाई. खाली चिठ्ठी: 'अज्ञात संताचा छळ. डोळे फोडताना.'

ताईंनी भिंग लावून पाहिलं आणि क्युरेटर फिलिपाला हाक मारली.

"हा छळ नाही."

फिलिपा हसली. "कॅटलॉगमध्ये साठ वर्षं हेच लिहिलंय."

"असेल. पण त्या मुलाचा अंगठा बघ. पापणी कशी अलगद वर धरलीय! डोळा फोडणारा पापणीला कशाला जपेल? आणि म्हाताऱ्याचे हात मांडीवर सैल पडलेत. घाबरलेला माणूस खुर्ची घट्ट धरतो, हजारदा पाहिलंय मी. हा मुलगा डोळा बरा करतोय."

फिलिपानं भिंग स्वतःकडे घेतलं. कापलेल्या कडेशी पिसाचं इवलंसं टोक दिसत होतं.

"पंख!" ती ओरडलीच. "हा बायबलमधला टोबायस! आंधळ्या बापाच्या डोळ्यांना माशाचं पित्त लावून त्यानं त्याला दृष्टी दिली. बरोबर देवदूत असतो, तोच कापला गेलाय!"

दोन महिन्यांनी अँटवर्पहून त्याच चित्राच्या अखंड प्रतीचा फोटो आला. देवदूत जागच्या जागी उभा होता.

प्रदर्शनाच्या दिवशी चित्राखाली नवी पाटी लागली. शेवटची ओळ होती: 'विषयाची ओळख पटवली: सुलक्षणा दामले, नेत्रविभागातील निवृत्त सिस्टर.' ताईंबरोबर आलेल्या त्यांच्या यजमानांनी, गिरीशरावांनी, चष्मा पुसला आणि बायकोचं नाव पुटपुटत वाचलं.

"अहो, पुटपुटता काय?" ताई म्हणाल्या. "जोरात वाचा!"

त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं. सगळा हॉल वळून बघू लागला, आणि सुलक्षणाताईंनी पदर सारखा करून मान ताठ केली.