हर्षाचा माग

परसरामने उभी हयात हातमागावर काढली. गुडघे गेले तेव्हा उठला आणि अड्याळच्या भैय्यालालच्या शेडमधला आपला माग मुलीच्या, हर्षाच्या हाती दिला. माणसाला तो एकाच मापाने मोजायचा: संध्याकाळी कापड किती उतरलं.

त्या मापात हर्षा बसत नव्हती. रस्त्यावरून ऑटो गेला की तिचा धोटा थांबायचा आणि ही दारात. परत येऊन किनार कुठे सुटली ते शोधत बसायची. कापड सुरेख, पण थोडं. परसराम तिला कामचोर म्हणायचा.

तिचा भाऊ भूपेंद्र त्याच शेडमध्ये धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायचा. फारसं बोलत नसे, कुणाच्या नजरेला नजर देत नसे. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी त्याला स्वमग्नता आहे असं सांगितलं, तेव्हापासून गाव त्याला सांभाळून घेई. एसटीत जागा त्याला, चहा आधी त्याला. पुढे त्याच डॉक्टरांनी सोबत येणाऱ्या हर्षालाही तपासलं. म्हणाले, हिला एडीएचडी आहे, लहानपणापासूनच. लक्ष एका जागी टिकत नाही, त्यात तिचा दोष नाही.

परसरामला उमजेना. डॉक्टर तेच, खुर्ची तीच. मग आपल्याला मुलाचं पटलं आणि मुलीचं का पटत नाही?

तरी डॉक्टरांचं म्हणणं त्याने भैय्यालालला सांगितलं, तर तो हसला. "मंग मलेबी तेच आहे. बायको बोलते तवा माहं लक्षच नाही राहात."

"भूपेंद्रचं तं मानलं तुमी, मालक."

"त्याचं दिसते ना. हे तं दिवसभर हसते, गप्पा मारते. हिले कायची बिमारी? येत्या बाजारापासून माग शेडातल्या कलाबाईले देतो."

घरी येताना परसराम लेकीला म्हणाला, "उद्यापासून हसू नोको. बोलू नोको. मान खाली."

"कायले, बाबा?"

"बिमारी दिसली पाहिजे."

"जे आहे थे कोणी मानत नाही, म्हणून जे नाही थे दाखवू?"

पण माग जाऊ नये म्हणून हर्षाने ऐकलं. गप्प बसण्यातच तिची सारी ताकद जाऊ लागली. कापड आणखी घटलं. शेडमधली माणसं मात्र विरघळली. कलाबाईने तिच्यासाठी खीर आणली.

बाजाराच्या दिवशी शेडमध्ये भैय्यालाल हळू आवाजात म्हणाला, "तुहं खरं होतं, परसराम. पोरीले लय तरास आहे. भूपेंद्रसंग कांड्या भरू दे तिले. माग कलाबाई पाहील."

हर्षाने बापाकडे पाहिलं. ज्याच्यासाठी तोंड मिटलं, तोच माग चालला होता.

आपलं म्हणणं खरं ठरलं की आपण हरलो, हे परसरामला कळेना. तो मागावर वाकला. किनारीला एकाच जागी पुन्हा पुन्हा उसवून विणल्याच्या खुणा होत्या. त्याने स्वतः एवढं कधीच उसवलं नव्हतं. उसवलेल्या कामाची मेहनत कशात मोजायची? संध्याकाळच्या कापडात ती कुठेच येत नव्हती.

"हर्षा," तो म्हणाला, "बोल आता."

"मालक, मी माग नाही सोडत. कापड कमी उतरलं तं मजुरी कमी द्या," हर्षा म्हणाली. मग वळून, "कलाबाई, खीर चांगली होती. साखर विसरली होतीस."

सगळे हसले. भैय्यालालही. "झाली वाटते बरी," तो म्हणाला. "दिवाळीवरी चालव. मंग पाहू."

धोटा सुरू झाला. बाहेरून ऑटो गेला. धोटा थांबला.

परसरामने तोंड उघडलं. नेहमीचा शब्द ओठावर आला होता, तो त्याने गिळला. त्याच्या जागी दुसरा कोणता म्हणायचा, ते मात्र त्याला सुचलं नाही.